उसने केस

हिंगोली हा आज स्वतंत्र जिल्हा असला, तरी १ मे १९९९ पूर्वी तो परभणी जिल्ह्याचाच एक भाग होता, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. त्यामुळे शेतकऱ्याचे मुंडासे, सावकाराची पगडी, अंमलदाराची तुर्की टोपी आणि छावणीतल्या गोऱ्या साहेबाची हॅट ही नाना तऱ्हेची शिरोभूषणे एकाच बाजारपेठेत वावरत. उघडे डोके मात्र क्वचितच दृष्टीस पडे. उघड्याबोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे हे सुतकाचे लक्षण समजले जाई. घरात पगडी उतरली, तरी खाली बहुधा वस्तऱ्याने तासलेले डोके आणि मागे शेंडी एवढाच ऐवज असे. अशा समाजात टक्कल पडलेल्या पुरुषास आपले वैगुण्य झाकण्याची वेगळी खटपट करावी लागत नसे. ज्याचे केस निसर्गाने नेले आणि ज्याचे न्हाव्याने नेले, ते दोघे एकाच रांगेत बसत.

या वस्तुस्थितीची खूण मराठी भाषेत अद्याप शाबूत आहे. पुरुषाच्या कृत्रिम केसांना मराठीत स्वतंत्र नाव नाही. त्याला ‘टोप’ म्हणतात. आणि टोप हा शब्द वस्तुतः शिरस्त्राणाचा, हॅटचा, किंबहुना स्वयंपाकघरातील पातेल्याचाही आहे. म्हणजे मराठी माणसाने हे केस केस म्हणून ओळखलेच नाहीत. डोक्यावर घालावयाची आणखी एक वस्तू एवढीच त्यांची नोंद केली. स्त्रियांची गोष्ट निराळी. त्यांच्या उसन्या केसांस ‘गंगावन’ हे खास नाव आहे. हिमालयापलीकडील वनगाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीचे लांब केस पूर्वी या कामी येत, आणि विरळ वेणीत ते गुंफले म्हणजे अंबाड्यास भरदारपणा येई. गंगावनात कोणास लबाडी वाटत नसे. काजळकुंकवासारखाच तो शृंगाराचा एक भाग होता. पण ज्या स्त्रीचे केस समाजाने बळजबरीने काढले, तिच्यासाठी मात्र ना गंगावन होते ना टोप. विधवेच्या वपन केलेल्या मस्तकावर पदर, एवढीच तिची तरतूद. या क्रूर चालीविरुद्ध सुधारकांनी लिहिले ते सर्वश्रुत आहे. परंतु १८९० साली मुंबईत न्हाव्यांनीच सभा भरवून विधवांच्या मस्तकास वस्तरा लावणार नाही असा ठराव केला, त्याची आठवण तुलनेने कमी निघते. ज्यांची रोजी त्यावर होती त्यांनी हे करावे, हे विशेष होय.

युरोपातील इतिहास याच्या नेमका उलट आहे. फ्रान्सचा तेरावा लुई अकाली टकला होऊ लागला, तेव्हा १६२४ च्या सुमारास त्याने केसांचा टोप घालण्यास प्रारंभ केला, आणि राजाचे ते दरबाराचे या न्यायाने ती चाल पसरली. इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत, १६६३ मध्ये, दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स यानेही टोप घेतला. पुढे दोनच वर्षांनी लंडनात प्लेगची साथ आली. तेव्हा नवीन टोपाचे केस प्लेगने मेलेल्यांच्या डोक्यावरून तर काढलेले नसतील ना, या धास्तीने लोक टोप विकत घेणे सोडतील, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे केस कोणाचे, हा प्रश्न टोपाच्या पाठीमागे तेव्हापासून लागलेला आहे. मात्र तो युरोपीय टोप नैसर्गिक दिसावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. तो मानाचा पोशाख होता. त्यावर पिठूळ पूड उधळून तो पांढरा करीत. १७९५ मध्ये इंग्लंड सरकारने या पुडीवर माणशी वार्षिक एक गिनी कर बसविला आणि आधीच ओसरणारी ही चाल पार मोडकळीस आणली. न्यायाधीशांच्या डोक्यावर तिचा अवशेष राहिला, आणि तोही तेथील दिवाणी न्यायालयांतून २००८ साली उतरला.

खऱ्यासारखा दिसणारा टोप ही गरज महाराष्ट्रात प्रथम निर्माण झाली ती रंगभूमीवर. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा देव, राक्षस आणि ऋषी यांचीच तेथे वर्दळ होती. लळिते, सोंगे आणि बहुरूपी यांच्या परंपरेतील जटा आणि दाढ्या ताग, अंबाडी, लोकर अशा पदार्थांच्या असत, आणि प्रेक्षकांचीही त्यास हरकत नसे. ऋषीची दाढी खरी कशास हवी? ती ऋषीची आहे एवढे कळले की पुरे. १८८० मध्ये पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि तेथून माणसांची, विशेषतः स्त्रियांची, सुखदुःखे प्रेक्षकांसमोर येऊ लागली. नायिका पुरुषानेच करावयाची, आणि ती पुरुष वाटता कामा नये. आरंभी स्त्रीपार्टी नट आपले केस वाढवीत. नटाने दिवसा लांब केसांचे ओझे वागवावे, गावच्या टवाळांची थट्टा सोसावी आणि रात्री त्याच केसांचा खोपा घालावा, असा तो क्रम. पुढे पुरुषांत आखूड केस राखण्याची नवी रीत शिरली, तसे टोपावाचून गत्यंतर राहिले नाही.

बालगंधर्वांच्या काळी या कलेने कळस गाठला असे म्हणावयास हरकत नाही. नारायणराव राजहंस यांनी १९०५ साली किर्लोस्कर मंडळीतून पदार्पण केले आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांची नऊवारी नेसण्याची ढब, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना यांचे अनुकरण कुलीन घरांतल्या स्त्रिया करीत, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातला अचंबा आता जाणवेनासा झाला. पुरुषाच्या मस्तकावर सजलेला अंबाडा पाहून स्त्रियांनी आपल्या खऱ्या केसांची बांधणी बदलावी, याहून टोपकाराचा मोठा गौरव कोणता?

पण त्या यशाचे एक मर्म ध्यानात घेतले पाहिजे. टोप ओळखू येतो तो कडेवर. कपाळाच्या वर जेथे त्वचा संपून केस सुरू होतात, ती रेघ साधणे सर्वांत कठीण. रंगभूमीवर ही कड झाकण्यास साधने मुबलक होती. देवाच्या टोपाची कड मुकुटाखाली जाई, राणीची बिंदी-बिजवऱ्याखाली, गृहिणीची पदराखाली, आणि अंबाड्याचा सांधा मोगऱ्याच्या वेणीखाली. शिवाय तेलाच्या, पुढे गॅसच्या दिव्यांचा पिवळसर उजेड आणि पहिल्या रांगेपासूनचे अंतर हे दोघे नटाचे पाठीराखे होते. विजेचा दिवा आला तेव्हा एक पाठीराखा गेला, आणि बोलपटाचा कॅमेरा चेहऱ्याच्या वितीवर आला तेव्हा दुसराही गेला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात दादासाहेब फाळके यांना तारामतीसाठी पुरुषच घ्यावा लागला होता. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि स्त्रीपार्टीचा टोप हळूहळू पेटाऱ्यात गेला. पेटाऱ्यातून तो पुन्हा निघाला तो अलीकडे. २०११ च्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटासाठी विक्रम गायकवाड यांना रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्त्रीवेशातील पुरुष कॅमेऱ्यासमोर, झगझगीत उजेडात उभा करणे हे मूळ कामाहून अवघड होते हे जाणकार मान्य करतील.

कॅमेऱ्याने जी अडचण निर्माण केली तिच्यावर तोड विदेशी चित्रपटसृष्टीतच निघाली, आणि आजचा घरगुती टोप हे तिचेच अपत्य आहे. अतिशय झिरझिरीत जाळी, जिला धंद्यात लेस म्हणतात, कपाळावर चिकटवावयाची आणि तीत आकडेदार सुईने एकेक केस ओवून गाठ मारावयाची, अशी ही रीत. जाळी त्वचेच्या रंगात विरून जाते आणि केस कपाळातूनच उगवल्याचा भास होतो. नाटकाच्या टोपात केसांच्या पट्ट्या कापडी टोपीवर रांगेने शिवलेल्या असत; त्या पट्ट्यांना भांग पाडता येत नसे, पाडला तर खालचे कापड दिसे. एकेक केसाच्या गाठीने भांगाचा प्रश्न सुटला. हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगणे पुरे, की माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. टोपकार त्याच्या काही भागावरच भागवतो, तरीही गाठी हजारोंनी मोजाव्या लागतात.

इकडे महाराष्ट्रात दरम्यान पगडी गेली, मग टोपी गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शहरातला पुरुष उघड्या डोक्याने हिंडू लागला. हिंगोलीसारख्या ठिकाणी हा बदल दहावीस वर्षे मागाहून आला इतकेच. डोके उघडे पडले आणि टक्कल हा खाजगी दुःखाचा विषय झाला. लग्नाच्या बाजारात तर तो व्यवहाराचाही विषय आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात याच एका दुःखावर ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ असे दोन हिंदी चित्रपट पाठोपाठ निघाले, यावरून त्याची व्याप्ती कळावी. टोप घालून मुलगी पाहावयास जाण्यात गैर काही नाही. परंतु ठरण्यापूर्वी ती गोष्ट मुलीच्या कानावर न घालणे हे मात्र गैर आहे. गंगावन घरातल्या सर्वांना ठाऊक असे, म्हणूनच ते निर्मळ होते.

हे केस येतात कोठून? हिंगोलीच्या गल्ल्यांत, तशाच मराठवाड्यातील कोणत्याही गावात, केसांवर फुगे, पिना किंवा भांडी देणारे फेरीवाले फिरत. विंचरताना गळलेल्या केसांचे गुंतवळे स्त्रिया भिंतीच्या फटीत वा डब्यात साठवीत आणि त्या बदल्यात पोराच्या हाती फुगा येई. हा क्षुल्लक दिसणारा सौदा एका जागतिक व्यापाराचे पहिले टोक आहे. असे गुंतवळे कर्नाटकात कोप्पळनजीकच्या भाग्यनगरासारख्या ठिकाणी जातात. तेथे ते सोडवून, विंचरून, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात, आणि पुष्कळसा माल चीनमध्ये जातो. चीनमधील हनान प्रांताचे शुचांग हे शहर टोपांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९६६ मध्ये अमेरिकेने चिनी केसांच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा भारतीय केसांस एकाएकी भाव आला. २०२२ साली भारत सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. टोप येथेच बनावा, हा त्यामागचा एक हेतू.

दुसरा आणि अधिक मोलाचा साठा देवस्थानाचा. प्रयागला मराठी सुवासिनी वेणीदान करतात ते वेणीच्या शेंड्यापुरते. तिरुपतीस मात्र स्त्रीपुरुष संपूर्ण मुंडन करून नवस फेडतात. तेथील ‘कल्याणकट्टा’ या स्थानी जमणारे केस देवस्थान लांबीवार निवडून लिलावाने विकते, आणि त्यापासून त्यास कोट्यवधी रुपयांचे उत्पन्न होते. २००४ च्या मे महिन्यात या केसांनी दूरदेशी एक वादळ उठविले. सनातनी ज्यू पंथातील विवाहित स्त्रिया आपले केस झाकण्यासाठी टोप वापरतात. तिरुपतीचे केस हे परधर्मीय देवतेस वाहिलेले असल्याने निषिद्ध होत, असा निर्णय जेरुसलेममधील एका थोर धर्मगुरूंनी दिला, आणि इस्रायलात व न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्त्रियांनी आपले महागडे टोप रस्त्यावर आणून जाळले. एका बाईने श्रद्धेने वाहिलेले केस दुसरीने श्रद्धेनेच अग्नीत टाकले.

या दोन साठ्यांत जो भेद आहे तो ग्राहकाने समजून घेण्याजोगा आहे. केसाच्या अंगावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात आणि ते मुळाकडून शेंड्याकडे झुकलेले असतात. मुंडनाचे केस जुडीने निघत असल्याने त्यांची मुळे एका बाजूस राखता येतात. असे केस एकमेकांत गुंतत नाहीत. गुंतवळ्यातील केस उलटसुलट मिसळलेले असतात. ते गुंतू नयेत म्हणून कारखान्यात आम्लाने त्यांचे खवले झिजवितात आणि वरून सिलिकोनचा लेप देतात. दुकानात दोन्ही सारखेच रेशमी दिसतात. किंबहुना लेपाचे अधिकच चमकतात. चारआठ धुण्यांत तो लेप उतरला की खरे रूप बाहेर पडते. कृत्रिम धाग्याचा टोप स्वस्त असतो, धुतल्यावर त्याची ठेवण मोडत नाही, पण उष्णतेपुढे तो टिकत नाही. पोळ्या करताना तव्यावरून येणारी वाफही त्याची टोके आखडून टाकते.

निवडीच्या बाबतीत बहुतेकांची चूक एकच होते: ते हवे त्याहून अधिक केस मागतात. आजच्या दुकानांत ‘हेअर पॅच’ या नावाने जो अर्धा टोप मिळतो, तो बहुधा दाट, काळाभोर आणि भुवयांच्या फार जवळ बसविलेला असतो. पन्नाशीच्या गृहस्थाच्या कपाळावर पंचविशीची केशरेषा आली की टोप लांबूनच ओरडू लागतो. खरी केशरेषा सरळ नसते. ती किंचित वाकडीतिकडी, कानशिलाजवळ मागे हटलेली आणि कडेस विरळ असते. रंगातही तसेच. माणसाचे केस एकरंगी नसतात. कानांजवळ पांढरे अधिक, माथ्यावर कमी. म्हणून रंग माथ्यावरून न घेता कानामागच्या व मानेवरच्या शिल्लक केसांशी, आणि तोही दिवसाच्या उजेडात, जुळवून पाहावा. टोप बसविल्यावर भोवतीच्या खऱ्या केसांबरोबर तो जाणत्या न्हाव्याकडून एकत्र कापून घेणे अगत्याचे असते. त्यावाचून उत्तम टोपही उपरा दिसतो.

ज्यांचे टक्कल वयाचे वा वंशपरंपरेचे आहे त्यांना सवड असते. चाई पडलेल्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पुष्कळदा ते केस परत येतात. खरी घाई असते ती कर्करोगाच्या रुग्णांस. केमोथेरपीच्या औषधांपैकी अनेकांनी केस गळतात, आणि बहुधा दोनतीन आठवड्यांतच गळू लागतात. उपचार संपल्यावर ते सामान्यतः पुन्हा येतात. पण मधले महिने काढावयाचे असतात. हिंगोलीकडील रुग्ण उपचारासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर वा थेट मुंबईचे टाटा रुग्णालय गाठतो. आजाराचा खर्च, परगावची वस्ती, आणि त्यात पहिल्याच महिन्यात उशीवर पडलेला केसांचा ढीग. अनेक स्त्रिया सांगतात की स्तन गेल्याचे दुःख पदराआड राहते, केस गेल्याचे राहत नाही. गल्लीतली प्रत्येक बाई विचारते. अशा रुग्णाने केस गळण्यापूर्वीच टोप पाहून ठेवावा, आपल्या केसांची एक बट रंगासाठी कापून ठेवावी आणि भांग कोणत्या बाजूस असतो त्याचे छायाचित्र काढून घ्यावे. मुंबईत दान आलेल्या केसांचे टोप करून रुग्णांस विनामूल्य देणाऱ्या संस्था आहेत. दानाचे केस साधारणतः बारा इंच वा अधिक लांब लागतात. केस महिन्यास सुमारे अर्धा इंच वाढतो, म्हणजे एका मुलीने दिलेली वेणी ही तिच्या दोन वर्षांची कमाई असते. औषधांच्या काळात त्वचा नाजूक असल्याने तेव्हा गोंदाचा टोप टाळून मऊ अस्तराचा, नुसता डोक्यावर बसणारा घेणे हितावह.

आता निगेविषयी. डोक्यावरच्या केसास त्वचेतून तेल मिळते. टोपाच्या केसास ते मिळत नाही, म्हणून तो लवकर रुक्ष होतो. त्याला खोबरेल मात्र चोपडू नये. तेलाने जाळीवरचा गोंद सुटतो आणि धूळ बसते. विंचरताना रुंद दातांची फणी घेऊन शेंड्यांपासून आरंभ करावा आणि हळूहळू मुळाकडे यावे. उलट केल्यास गाठी निसटतात. धुताना सौम्य शाम्पू कोमट पाण्यात कालवून टोप त्यात बुडवावा, चोळू वा पिळू नये, आणि टॉवेलात दाबून पाणी टिपल्यावर सावलीत ठोकळ्यावर वाळत ठेवावा. उन्हाने रंग तांबूस होतो, आणि मराठवाड्यातले एप्रिल-मेचे ऊन चाळीस अंशांपलीकडे जाते हे येथे विसरून चालत नाही. त्या दिवसांत घामाने गोंद व चिकटपट्टी दोन्ही लौकर सुटतात. इतर ऋतूंत जो टोप दोनतीन आठवडे एका चिकटवणीवर राहतो, तो उन्हाळ्यात आठवड्यानेच काढून खालची त्वचा धुवावी लागते. गोंद प्रथम वापरण्यापूर्वी कानामागे थोडा लावून एक दिवस वाट पाहावी. सुटलेली कड ओढून काढू नये. द्रावणाने भिजवून सोडवावी, नाहीतर जाळीबरोबर कपाळाची सालही निघते.

झिरझिरीत जाळीचा टोप रोज वापरल्यास काही महिनेच टिकतो. जाड अस्तराचा वर्षभर वा अधिक जातो, पण कड तितकी विरत नाही. ज्यांना शक्य आहे ते दोन टोप आळीपाळीने वापरतात: एक डोक्यावर, एक ठोकळ्यावर. ज्यांना शक्य नाही ते रात्री तो उतरवून ठेवतात आणि घरच्या माणसांत उघड्या डोक्याने बसतात.